कॅमेऱ्यासमोरचा कॅट

मेंढीकोट चार घरांत बसून कॅमेऱ्यावरून खेळता येत नाही, कारण त्यात एकच कॅट सगळ्यांना वाटावा लागतो. १९९३ साली बाजारात आलेल्या, रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ची गोष्ट वेगळी. त्यात ज्याचा कॅट त्याच्याकडे असतो आणि सामाईक असते ते फक्त टेबल. २०२० च्या टाळेबंदीत दुकानांतली टेबले बंद झाली, तेव्हा खेळाडूंनी कॅमेरा चेहऱ्यावरून काढून टेबलाकडे वळवला. कोणत्या व्यासपीठावर खेळायचे, हा प्रश्न मग उभा राहिला.

बैठकांसाठी बनलेली व्यासपीठे सहज हाताशी असतात, पण ती चेहऱ्यासाठी घडवलेली आहेत. पार्श्वभूमी पुसट करणारी सोय चालू राहिली तर पत्तेच पुसट होतात. बोलणाऱ्याचे चित्र आपोआप मोठे होते आणि बघायचे असते भलत्याच्याच टेबलाकडे. झूमच्या मोफत बैठकीला चाळीस मिनिटांची मर्यादा आहे. मॅजिकच्या ‘कमांडर’ प्रकारात चौघे जण प्रत्येकी शंभर पत्ते आणि चाळीस गुण घेऊन बसतात. तो डाव तासाभरातही संपेलच असे नाही. डिस्कॉर्डवर वेळेची अशी अडचण नाही. कोणताही खेळ चालतो, गुण मात्र कागदावर मांडावे लागतात.

२०२० मध्येच आलेले स्पेलटेबल खास मॅजिकसाठी बनले. पुढे ते खेळाच्या मूळ कंपनीने, विझार्ड्‌स ऑफ द कोस्टने, विकत घेतले. समोरच्याच्या चित्रातल्या पत्त्यावर टिचकी मारली की तो ओळखून त्याचा मजकूर दाखवला जातो. ६३ बाय ८८ मिलिमीटरच्या पत्त्यावरची बारीक अक्षरे कॅमेऱ्यातून वाचता येत नाहीत, म्हणून ही एकच सोय बाकी सगळ्यांवर भारी पडते. गुणही पडद्यावरच राहतात. चौघांच्या मॅजिकला स्पेलटेबल आणि दुसऱ्या कोणत्याही खेळाला डिस्कॉर्ड, असा सरळ निवाडा करता येतो.

अर्थात कॅमेरा नीट बसवला नसेल तर कोणतेच व्यासपीठ कामाचे नाही. जुना मोबाइल उभ्या दांडीला बांधून वरून खाली रोखला तरी भागते. डोक्यावरचा दिवा पत्त्यांवर चढवलेल्या प्लास्टिकच्या पाकिटांवर चमकतो आणि पत्त्याचे नावच पुसून टाकतो. उजेड बाजूने घ्यावा. स्वतःच्या पडद्यावर अक्षरे उलटी दिसली तर घाबरू नये, समोरच्याला ती बहुधा सुलटीच दिसतात.

एक उणीव मात्र कोणतेही व्यासपीठ भरून काढत नाही. टेबलावर समोरासमोर बसले की पिसलेला कॅट प्रतिस्पर्धी कापतो. इथे त्याचा हात पोहोचत नाही. म्हणून पत्ते पिसताना दोन्ही हात कॅमेऱ्याच्या चौकटीत ठेवावेत.