ग्रुप गप्प झाला म्हणून

सोलापूर, जून

चि. सोनीस,


तुझा मेसेज वाचला. नाट्यशिबिर संपून पुण्याला गेलीस, शाळाही सुरू झाली आणि इकडे ग्रुप गप्प. कोणाला आपली आठवणच नाही, असं तुझं म्हणणं. अगं, नाटकाच्या प्रत्येक ग्रुपचं हेच होतं. आधी 'मिस यू'चे बदाम, मग वाढदिवसाचे केक, शेवटी कोणाच्या तरी काकांचे सुप्रभात. यात दोष कोणाचाच नाही. तुमची ओळखच मुळी कामातून झाली. काम संपल्यावर नुसतं 'कशी आहेस?' 'मजेत.' पुढे काय बोलणार?

मे महिन्यात मी तालमीला येऊन बसायचे तेव्हा बघत होते. बाहेर त्रेचाळीस अंश, खिडक्यांना ओले टॉवेल लावलेले (आपल्याच गावचे, त्यामुळे कमतरता नव्हती!), आणि पूर्व भागातली ती पोरगी विंगेत संहिता धरून बसलेली. घरी तेलुगू बोलणारी, पण तुझं मराठी वाक्य तुझ्याआधी तिच्या ओठांवर. तू अडखळलीस की ती नुसती मान वर करायची, आणि तुला आठवायचं. एरवी 'काय बे' म्हणून तुझ्या पाठीत धपाटा घालणारी ती, प्रॉम्प्टिंगला बसली की तुझ्यावरची नजर काढत नव्हती. असली मैत्री ख्यालीखुशालीवर जगत नाही, तिला काम लागतं.

दिग्दर्शक जब्बार पटेलांचं बघ ना. आपल्या हरिभाई देवकरण शाळेचे विद्यार्थी. पुण्याला बी. जे. मेडिकलला गेले, तिथे नाटकवाले जमले. मोहन आगाशे मानसोपचाराचे डॉक्टर, सतीश आळेकर जीवरसायनशास्त्रातले. त्यांचं 'घाशीराम कोतवाल' आलं १९७२ च्या डिसेंबरात. त्यावरून ते करणाऱ्या नाट्यसंस्थेत वाद झाले, तेव्हा बाहेर पडून या मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर अॅकॅडमी काढली. पटेल बालरोगतज्ज्ञ, दवाखाना दौंडला. तू सोलापूरहून पुण्याला जाताना गाडी थांबते ना, तेच दौंड. दवाखाना तिथे, नाटक पुण्यात, आणि प्रत्येकाची नोकरी-धंदा वेगळा. तरी माणसं एकमेकांना धरून राहिली, १९८० मध्ये तर 'घाशीराम' घेऊन युरोपात गेली. भांडणं त्यांच्यातही झालीच असतील. पण पुढचा प्रयोग उभा करायचा तर एकमेकांना फोन करावाच लागतो. मला विचारशील तर रुसव्यावर याहून चांगलं औषध नाही.

आमचंही तसंच. आमच्या नाटकांची प्रकाशयोजना करायची ती मैत्रीण हल्ली लेकाकडे मेलबर्नला असते. राज्य नाट्य स्पर्धेची संहिता हातात आली की मी तिला फोनवर वाचून दाखवते. तिकडे रात्र झालेली असते, दुसऱ्या अंकात ती खुशाल झोपते. सकाळी मात्र तिचा निरोप हजर: 'तिसऱ्या प्रवेशात एवढा उजेड कशाला?' एरवी आम्ही दिवाळीलाही धड बोलत नाही.

सगळ्यांशी संबंध टिकवायचा अट्टाहास मात्र करू नकोस. शिबिरातले बरेचसे नुसते उन्हाळ्यापुरते असतात, आणि ते ठीकच आहे. नेपथ्याचे खिळे हरवणारा तो मुलगा पुन्हा नाही भेटला तरी चालेल. (त्याच्या आईने आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र विसरू नकोस!) एक-दोन जणींना धर. त्यांना आठवणी पाठवू नकोस, काम सांग. तुझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनातलं भाषण त्यातल्या एकीला फोनवर पाठ म्हणून दाखव, चुका काढायला लाव. तिला तुझ्याकडून काही हवं असेल तर आधी ते कर.

आता कामाचं. स्पर्धेसाठी आम्ही यंदा जुन्या काळातलं नाटक करतोय. तालमी सध्या आमच्या हॉलमध्ये, प्रयोग हुतात्मा स्मृती मंदिरात. आजीच्या नऊवारी तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत, त्यातल्या जांभळ्या आणि हिरव्या हव्यात. दादाला सांगून काढून घे. कोणती कोणत्या पात्राला शोभेल ते तुझ्या प्रॉम्प्टरला विचार. ती रोज तालमीला येते आणि तिला सगळी पात्रं पाठ आहेत. मी तिला काही सांगितलेलं नाही. फोन तूच कर, पण रात्री आठनंतर. त्याआधी ती घरच्यांसोबत विड्या वळायला बसते.

तुझी,
आत्या