आधी हिशेब, मग खरेदी

मुलांनो, संगणक तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. शाळेत त्यावर कामही केले असेल. पण त्याचे पोट उघडून आत काय असते, हे कधी पाहिले आहे का?

टेबलाजवळ ठेवलेल्या त्या उभ्या पेटीचे झाकण काढले, की एक मोठी सपाट पाटी दिसते. तिच्यावर लहानमोठे भाग बसवलेले असतात. तिला मदरबोर्ड म्हणतात. आई जशी घरातल्या सगळ्यांना एकमेकांशी जोडून ठेवते, तसा हा बोर्ड संगणकाच्या सगळ्या भागांना जोडून ठेवतो. नाव अगदी योग्य आहे, नाही का?

मदरबोर्ड घ्यायला गेलेला माणूस बहुधा वेगाची चौकशी करतो. किंमत तर विचारतोच. पण बोर्डाच्या कडेला असलेल्या काही चिमुकल्या जोडण्यांकडे त्याचे लक्ष जात नाही. मी आज त्यांच्याविषयीच सांगणार आहे. या जोडण्यांना ‘सॅटा’ म्हणतात. प्रत्येकीत इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी एक फट असते. त्यामुळे तार उलटी बसतच नाही. हार्ड डिस्क हे संगणकाचे कपाट आहे, असे समजा. आपली पुस्तके, चित्रे, गाणी सारे त्यात राहते. त्या कपाटाकडे जाण्याचे दार म्हणजे ही जोडणी. दारे चार असतील, तर कपाटेही चारच लावता येतील.

पूर्वी हे असे नव्हते. तेव्हा चाळीस पिनांची रुंद पट्टी असे आणि एका पट्टीवर दोन डिस्क बसत. २००३ साली सॅटाची पद्धत आली. तार बारीक झाली, वेग वाढला. पण नियमही बदलला. आता एका जोडणीला एकच डिस्क. म्हणून जोडण्या मोजून घ्याव्या लागतात.

हे सारे मी का शिकलो, ते सांगतो. मालेगावात आमच्या मोहल्ल्यात एक जुने वाचनालय आहे. बाहेर यंत्रमागांची खडखड आणि आत उर्दू पुस्तकांची कपाटे. काही पुस्तके इतकी जुनी, की पान उलटताना कडा हातात येतात. पावसाळ्यात ओल आणि उन्हाळ्यात वाळवी. त्या पुस्तकांत हाताने लिहिलेल्या काही वह्याही आहेत. दिवसभर माग चालवून रात्री शेर लिहिणाऱ्या माणसांच्या त्या वह्या. त्या कधी छापल्या गेल्या नाहीत. जगात त्यांची प्रत एकच, आणि तीही आमच्या कपाटात.

या सर्वांची चित्रे घेऊन ती संगणकात ठेवायची, असे वाचनालयाच्या समितीने ठरवले. मोहल्ल्यातली मुले स्कॅनरवर काम करायला तयार झाली. एका हितचिंतकाने दोन टीबीच्या सहा हार्ड डिस्क भेट दिल्या. संगणकाचे बाकीचे भाग निवडण्याचे काम माझ्याकडे आले.

मी आधी कागद-पेन्सिल घेतली. हिशेब हा शब्द उर्दूतही आहे आणि मराठीतही. उच्चार थोडा बदलतो, इतकेच. वहीच्या मोठ्या पानाएवढ्या, म्हणजे ए-फोर आकाराच्या एका पानाचे स्पष्ट रंगीत चित्र काहीही न दाबता, न आकसता ठेवले, तर सुमारे २६ एमबी जागा घेते. दोनशे पानांच्या पुस्तकाला सुमारे ५.२ जीबी लागतात. अशी एक हजार पुस्तके ठेवायची, तर ५.२ टीबी. म्हणजे दोन टीबीच्या तीन डिस्क हव्यात.

तुम्ही म्हणाल, डिस्क तर सहा होत्या. मग तीन उरल्याच की! नाही मुलांनो, त्या उरल्या नाहीत. हार्ड डिस्क हे यंत्र आहे. तिच्या आत तबकड्या गरगर फिरतात. यंत्र एक ना एक दिवस बिघडते, आणि बिघडण्याआधी सांगतेच असे नाही. म्हणून पहिल्या तीन डिस्कवर जे असेल, तेच उरलेल्या तीन डिस्कवर दुसऱ्यांदा ठेवायचे होते. तीन आणि तीन मिळून सहा. सहा डिस्क, सहा जोडण्या. हिशेब संपला. आता दुकानात जायला हरकत नव्हती.

नाशिकच्या एका दुकानात विक्रेत्याने पहिला बोर्ड दाखवला. त्यावर रंगीबेरंगी दिवे लुकलुकत होते. “सर, हा सगळ्यांत जास्त खपतो,” तो म्हणाला. मी जोडण्या मोजल्या. चार होत्या. दिवे पुष्कळ, दारे कमी.

दुसऱ्या बोर्डावर सहा जोडण्या होत्या. मी त्याची माहितीपुस्तिका मागितली. आजकाल ती कंपनीच्या संकेतस्थळावर खरेदीपूर्वीच वाचायला मिळते. आम्ही ती तेथेच उघडली. एका तक्त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती : एम.२ नावाची खाच वापरली, तर पाचवी आणि सहावी सॅटा जोडणी बंद होईल.

ही एम.२ काय भानगड आहे? च्युइंगगमच्या पट्टीएवढी एक लांबट चकती या खाचेत थेट बोर्डावर बसते. तिच्यात फिरणारे काही नसते, म्हणून ती फार वेगवान असते. संगणक सुरू करणारी प्रणाली आम्ही तिच्यातच ठेवणार होतो. पण बोर्डावर माहितीच्या वाटा मोजक्याच असतात. काही बोर्डांवर एकच वाट एम.२ आणि सॅटा या दोघांना मिळून दिलेली असते. एका नळाला दोन तोट्या, पण एका वेळी एकच चालू. तसा हा प्रकार. त्या बोर्डाच्या खोक्यावर सहा आकडा छापला होता. आमच्या कामाला मात्र त्यातल्या चारच आल्या असत्या.

तिसरा बोर्ड साधा होता. दिवे नव्हते. जोडण्या सहा होत्या, आणि एम.२ वापरली तरी त्यांतली एकही बंद होत नाही, असे पुस्तिकेत स्पष्ट लिहिले होते. मात्र पहिल्या बोर्डापेक्षा तो महाग होता. त्यामुळे परत येऊन समितीला विचारणे भाग होते.

समितीत चर्चा झाली. वाचनालयाचा पैसा म्हणजे लोकांनी दिलेली वर्गणी. तो जपूनच खर्च करायला हवा. एक सभासद म्हणाले, “चार जोडण्यांचाच बोर्ड घेऊ. तीन डिस्क पुस्तकांना आणि एक डिस्क प्रतीला. बाकीचे पुढे पाहू.” बोलणे चुकीचे वाटत नव्हते. दोघातिघांनी मान डोलावली.

आमचे ग्रंथपाल चाचा आतापर्यंत गप्प होते. त्यांनी हस्तलिखित वह्यांची यादी समोर ठेवली. ते म्हणाले, “ठीक आहे. चार जोडण्यांत तीनपैकी एकाच डिस्कची दुसरी प्रत निघेल. मग या यादीतली नावे वाचा, आणि प्रत कोणाची ठेवायची नाही ते सांगा. मी त्यांच्यापुढे खूण करतो.”

यादी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. त्या नावांत कोणाचे आजोबा होते, कोणाचे शेजारी होते. कोणीच खूण करायला सांगितले नाही. साधा, सहा जोडण्यांचा बोर्ड घ्यायचे ठरले.

मुलांनो, चाचांनी त्या दिवशी तांत्रिक असे काहीच सांगितले नाही. तरी सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट त्यांनीच सांगितली. जागा अपुरी पडली, की माणूस पहिल्या प्रतीला हात लावत नाही. तो दुसरी प्रत सोडून देतो. दुसऱ्या प्रतीवाचून आज काही अडत नाही. तिची किंमत कळते, तेव्हा पहिली गेलेली असते.

तुम्ही पुढे कधी संगणक जुळवलात, तर एवढे लक्षात ठेवा. आधी काय ठेवायचे ते मोजा. मग प्रती मोजा. मग डिस्क, आणि त्यानंतर जोडण्या. डिस्क नव्या घ्यायच्या असतील, तर थोड्या पण मोठ्या डिस्क घेऊनही जोडण्या वाचवता येतात. प्रत्येक डिस्कला विजेची वेगळी तार लागते, आणि पेटीत बसायला जागाही लागते, तेही पाहा. पुढे जोडण्या कमी पडल्या, तर बोर्डावरच्या रिकाम्या खाचेत एक कार्ड बसवून त्या वाढवता येतात. म्हणून एखादी खाच मोकळी राहू द्या. आणि एक प्रत नेहमी दुसऱ्या घरी ठेवा. एकाच पेटीत दोन प्रती असल्या, तरी आग आणि चोर यांना दोन्ही एकदमच सापडतात. आमच्या वह्यांची तिसरी प्रत आता एका सभासदाच्या घरी, बाहेरून जोडायच्या डिस्कवर असते.

१९५६ साली आयबीएम कंपनीने हार्ड डिस्कचे पहिले यंत्र विकायला काढले. त्यात पन्नास तबकड्या होत्या आणि त्यात फक्त पन्नास लाख अक्षरे मावत. आमच्या एका पानाचे चित्रसुद्धा त्यात बसले नसते. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये शेकडो पुस्तके राहतात. साधने वाढली, हिशेब मात्र आपल्यालाच करावा लागतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण म्हणतो. पण अंथरूण नवे घ्यायचे असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी पायांची लांबी मोजलेली बरी.

आज घरी गेल्यावर एक काम करा. आजीचे पत्र, आजोबांचा फोटो, कोणाची तरी वही असे जिची जगात एकच प्रत आहे, अशी एखादी वस्तू तुमच्या घरात आहे का, ते शोधा. हिशेबाला तेथूनच सुरुवात करा.