अक्काचे पॉइंट्स

गेल्या हिवाळ्यात अक्का, भावजी, आमच्या सौ. आणि मी असे चौघे उज्जैनला गेलो होतो. महाकालाचे दर्शन झाल्यावर भैरवगढला जायचेच, हे अक्काने घरूनच ठरवले होते. तिथल्या काळभैरवाला मद्याचा नैवेद्य चालतो, महादजी शिंद्यांनी आपली पगडी या देवाला वाहिली असे सांगतात, हे सगळे खरे. पण अक्काचा जीव अडकला होता तो तिथल्या बाटिकच्या चादरींत.

कारागिराने चादर उलटी करून दाखवली. मेण लावून रंगवलेल्या कापडाचा रंग आरपार उतरतो, मेणाला गेलेल्या तड्यांच्या रेषा दोन ठिकाणी सारख्या येत नाहीत. छापील नकलेची मागची बाजू फिकी असते. अक्काने अर्धा तास पारखून दोन चादरी घेतल्या आणि कार्डावर पैसे दिले.

त्याच रात्री लॉजवर तिच्या मोबाइलवर निरोप आला. 'तुमचे ९९८० रुपयांचे रिवॉर्ड पॉइंट्स आज रात्री संपत आहेत. रोख मिळवण्यासाठी ॲप उतरवून घ्या.' बँकेचे नाव, चिन्ह, सगळे जागच्या जागी. दुपारीच कार्ड वापरलेले, म्हणजे पॉइंट्स जमले असणारच. तिने ॲप घेतले, कार्डाचा नंबर भरला, एसएमएस वाचायची परवानगीही दिली. त्यानंतर ओटीपी कोणाला सांगायची गरजच उरली नाही. ते ॲपच तो वाचून पलीकडे पाठवत होते. १८ हजार गेले.

अक्का आम्हाला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ओंकारेश्वरच्या वाटेवर ती गप्प होती, आम्हाला वाटले प्रवासाचा शीण. त्या सकाळी आणखी साडेअकरा हजार गेले होते. परतीच्या गाडीत भावजी झोपल्यावर तिने मला सांगितले. 'मग रात्रीच का नाही उठवलेस?' म्हटले, तर म्हणाली, 'नाचिके आयतु, तम्मा.' तीस वर्षे शाळेत गणित शिकवलेली बाई!

या लाजेचेच मला जास्त वाईट वाटते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिले होते की ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे रात्रीच फोन केला असता तर सकाळचे साडेअकरा हजार तरी तिच्या माथी आले नसते. गाडीतूनच आम्ही बँकेत कळवून कार्ड बंद केले आणि १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवली. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तक्रार पोचली तर ते तिथेच गोठवता येतात. आमच्या तक्रारीला उशीर झाला होता.

लोक म्हणतात, हाव नडते. मला ते पटत नाही. लॉटरीच्या निरोपाला अक्का फसली नसती. इथे तिला तिचीच वस्तू परत देऊ केली होती, आणि तीही रात्री बारापर्यंतच. काटकसरीत संसार केलेल्या माणसाला हक्काचे वाया जाणे सहन होत नाही, नेमके तिथेच बोट ठेवलेले असते.

२०२४ मध्ये स्टेट बँकेच्या नावाने असेच निरोप फिरले, तेव्हा केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने जाहीर केले होते की बँक पॉइंट्ससाठी एसएमएस किंवा व्हॉट्सॲपवर लिंक वा एपीके फाइल पाठवत नाही. बँकांच्या संकेतस्थळांचा पत्ता आता 'डॉट बँक डॉट इन' असा संपावा, यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. तेव्हा निरोपातली लिंक दाबायचीच नाही. पॉइंट्स बघायचे तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर स्वतः जाऊन बघावेत.

घरी आल्यावर तसे बघितलेही. अक्काचे खरे पॉइंट्स होते ३१२. त्यांचे झाले ७८ रुपये, आणि मुदत संपायला अजून वर्ष होते. भावजींना मात्र तिने अजून फक्त १८ हजारांचेच सांगितले आहे.