आधी डोळे, मग हात

२८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. त्याच विजयानं ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून आमच्या बाभुळगावातही पालक विचारू लागले आहेत, "सर, पोराला बुद्धिबळ लावतो. गणित सुधारेल ना?" यवतमाळ-धामणगाव रस्त्यावरच्या या तालुक्यात मी लहान मुलांना बुद्धिबळ शिकवतो. विचारणारे बहुतेक कपाशी-सोयाबीनवाले. त्यांच्या पैशाला आणि पोराच्या वेळेला किंमत आहे, म्हणून उत्तर खरं द्यायला हवं.

गणित सुधारेल, असं मी कुणाला सांगत नाही. इंग्लंडमध्ये १०० प्राथमिक शाळा घेऊन याचा मोठा प्रयोग झाला. निम्म्या शाळांतल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलांना ३० तास बुद्धिबळ शिकवलं. वर्षभरानंतर पाहिलं, तर त्यांच्या आणि न शिकलेल्यांच्या गणितात फरक नव्हता. २०१६ साली तसा अहवालच आला. स्मरणशक्तीचंही तेच. चेस आणि सायमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली दाखवून दिलं, की खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली तर तरबेज खेळाडू ती बरीचशी जशीच्या तशी मांडतो. मोहरी कशीही विस्कटून ठेवली, की त्याची नवशिक्यावरची आघाडी जवळजवळ संपते. त्याला डाव लक्षात राहतात, पाढे नव्हेत. क्लासच्या पाट्यांवर 'बुद्ध्यांक वाढवा' असं लिहिलेलं दिसतं, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

तरीही प्रत्येक मुलानं सात-आठव्या वर्षी पटासमोर बसावं, असं मला मनापासून वाटतं. या वयात हात डोळ्यांच्या पुढे धावतो. समोर प्यादं दिसलं की हात गेलाच. त्या प्याद्याला मागून हत्तीचा जोर आहे, हे मारून झाल्यावर कळतं. 'हात लावलेलं मोहरं चालायचंच' हा नियम म्हणूनच मी पहिल्या दिवसापासून पाळायला लावतो. मुलांना तो कडक वाटतो, पण त्यानंच काही आठवड्यांत हात मांडीखाली जातात आणि नजर पटभर फिरू लागते.

आमच्या वर्गातला तिसरीतला एक मुलगा मोबाइलवर पाहून 'चार चालींची मात' शिकून आला. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग उंट बाहेर, मग वजीर पटाच्या कडेला आणि चौथ्या चालीला राजाच्या उंटापुढचं प्यादं मारून मात. त्या प्याद्याला एकट्या राजाचा जोर असतो आणि आपल्या वजिरामागे उंट उभा असतो, त्यामुळे राजाला वजीर मारता येत नाही. आठवडाभर त्यानं सगळ्यांना लोळवलं. मग चौथीतली एक मुलगी समोर आली. तिनं आधी वजिराच्या बाजूचा घोडा काढून मधल्या प्याद्याला जोर दिला होता. वजीर कडेला येताच ती बराच वेळ नुसती पाहत बसली आणि राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवलं. वजिरावरच हल्ला! वजीर मागे फिरला आणि पुन्हा त्याच प्याद्यावर रोखला, तर तिनं दुसरा घोडा मध्ये आणून वाट बंद केली. पुढे त्याचा वजीर पटभर पळत राहिला आणि तिची मोहरी एकेक करून बाहेर आली. "सर, म्या तं तिची चाल पाह्यलीच नाई," तो म्हणाला. नंतरच्या डावांत तो प्रत्येक चालीआधी पुटपुटू लागला, "हिनं हे कायले केलं असंन?" समोरच्याच्या मनात काय आहे, हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलाला आपणहून पडणं, हा माझ्या मते या खेळाचा सर्वांत मोठा फायदा.

दुसरा फायदा हरण्याचा. इथं फासे नाहीत, पंचांचा चुकीचा निर्णय नाही, झेल सोडणारा सोबती नाही. हरलं की आपणच हरलो. उठून हात मिळवायचा आणि डाव लिहिलेला असेल तर कुठं चुकलं ते शोधायचं. म्हणून लिहिता येऊ लागलं, की मी मुलांना चाली वहीत टिपायला लावतो. कुठल्या चालीला डाव फिरला, यावर बोट ठेवता आलं की रडू आपोआप थांबतं.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९७६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, राष्ट्रीय पुरुष स्पर्धेत खेळल्या. त्यावरून मोठा वाद झाला, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. पुढे १९८१ साली रोहिणीताई आशियाई महिला विजेत्या झाल्या. माझ्या वर्गात मुलामुलींचे वेगळे पट नाहीत, कधी असणारही नाहीत.

शिकवताना बत्तीस मोहरी एकदम मांडू नयेत. आधी फक्त प्यादी मांडा, आठ विरुद्ध आठ. ज्याचं प्यादं आधी शेवटच्या घरात पोचेल तो जिंकला. 'माझं चार चालींत पोचतं, त्याचं तीन' हा हिशोब मुलं बोटांवर करू लागतात; मग एकेक मोहरं वाढवावं. गावात आजोबा मंडळी देशी पद्धतीनं खेळतात, म्हणजे प्यादं एकेकच घर चालतं आणि राजाला एकदा घोड्याची चाल मिळते. नातवंडांनी त्यांच्याशी तसंही खुशाल खेळावं. नियम बदलले की विचार कसा बदलतो, हे त्यातूनच कळतं. मोबाइल मात्र पहिली एक-दोन वर्षं नको. कुठल्या घरात जाता येतं ते मोबाइलच रंगवून दाखवतो, चुकलेली चाल मागे घेऊ देतो, आणि जे शिकायचं तेच राहून जातं.

शालेय क्रीडा स्पर्धांत बुद्धिबळ आहे, पण सर्वांत लहान गट चौदा वर्षांखालचा. तिसरी-चौथीच्या पोराला त्यात सातवी-आठवीच्या मुलांसमोर बसावं लागतं. तालुक्यातल्या केंद्रशाळांनी वर्षातून एक शनिवार दहा वर्षांखालच्या मुलांसाठी काढला, तर हा प्रश्न सुटेल. रेक्झिनचा पट आणि प्लास्टिकची मोहरी काही शे रुपयांत येतात. मैदान लागत नाही, वीज गेली तरी डाव थांबत नाही. शिक्षकांनी आणि ग्रामपंचायतींनी हे मनावर घ्यावं, आणि पालकांनी या दिवाळीच्या सुटीत पोरासमोर स्वतः एक डाव खेळायला बसावं.