आवश्यकतेनुसार

ताप येतो, सर्दी होते, पोट दुखते. उसण मात्र भरते. या दुखण्याला ज्याने हे क्रियापद दिले त्याची पाठ आमच्यासारखीच असली पाहिजे. एका सोमवारी सकाळी चेन्नईच्या आमच्या बिऱ्हाडात न्हाणीघरातली बादली उचलण्यासाठी आम्ही वाकलो आणि कमरेच्या उजव्या अंगाला कोणीतरी आतून मूठ आवळून धरली. बादली तेथेच राहिली. आम्हीही तेथेच राहिलो. (येथे 'आम्ही' म्हणजे आम्ही एकटेच. उसणेला वाटेकरी नसतो.)

वाईला असतो तर उपाय ठरलेला होता. आमच्या आळीत एक पायाळू गृहस्थ होते. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले, एवढ्याच भांडवलावर त्यांनी साऱ्या आळीच्या पाठी सांभाळल्या. उसण भरलेला मनुष्य त्यांच्या ओसरीवर पालथा पडे, ते पाठीला हलकेच पाय लावीत आणि तो उठून चालू लागे. निदान चालू लागल्याचे दाखवी, कारण पाय लावून घेतल्यावर पुन्हा कण्हणे हा पायाळूचा अपमान समजला जाई. चेन्नईत पायाळू शोधावा कोठे, आणि तो तमिळमध्ये विचारावा कसा? तेव्हा कुटुंबाने आम्हांस रिक्षात घालून जवळच्या एका डॉक्टरांकडे नेले.

त्यांनी गोळी लिहून दिली. क्लोरझोक्साझोन हे स्नायू सैल करणारे औषध, जोडीला पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅक. पाच दिवस दोन वेळा, आणि त्याखाली तीन अक्षरे: एस. ओ. एस. बुडत्या जहाजाची ही हाक औषधाच्या चिठ्ठीवर कशी, असे आम्हांस प्रथम वाटले. पण ही अक्षरे निराळी. लॅटिनमधील 'सी ओपुस सिट' यांचे ते संक्षिप्त रूप. अर्थ, गरज पडल्यास. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर 'आवश्यकतेनुसार'.

गोळीने गुण आला, यात शंका नाही. परंतु ती काम कसे करते हे कळल्यावर आम्हांस गंमत वाटली. आमची समजूत अशी की ती थेट आखडलेल्या स्नायूकडे जाऊन त्याची मूठ सोडवीत असेल. तसे नाही. ती जाते मज्जारज्जूकडे आणि मेंदूकडे, आणि तेथून सुटणारे आखडण्याचे हुकूम मंद करते. तक्रार तालुक्याची, निकाल सचिवालयात. आता सचिवालयच पेंगुळले की त्याच्या हाताखालचे सारेच पेंगणार. या गोळ्यांनी गुंगी येते ती यामुळे. या घराण्यातील आरंभीचे एक औषध, मेफेनेसिन, फ्रँक बर्जर यांस १९४० नंतरच्या दशकात लंडनमध्ये सापडले, तेही पेनिसिलिन टिकवण्याचा उपाय शोधताना. उंदीर जागे होते, पण लुळे पडून राहिले. याच वाटेने पुढे जाऊन १९५५ साली अमेरिकेत 'मिलटाउन' नावाची, चिंता घालवणारी सुप्रसिद्ध गोळी बाजारात आली. म्हणजे पाठ सैल करणारे आणि मन सैल करणारे औषध ही एकमेकांची चुलत भावंडे. आम्ही हे तेव्हाच नीट मनावर घ्यावयास हवे होते.

कारण 'आवश्यकतेनुसार' हा शब्द आम्ही रोज शेकड्याने लिहितो आणि त्याची व्याख्या कोणीच करीत नाही. 'आवश्यक ती कार्यवाही करावी' असे टिपणावर आले की ज्याला जे सोयीचे ते आवश्यक. पाच दिवस संपले. पुढे पाठ दुखली की गोळी, हे रास्तच. नंतर पाठ दुखेल असे वाटले की गोळी. नंतर लेखापरीक्षणाच्या आठवड्यात आठ तास संगणकापुढे बसायचे म्हणून सकाळीच गोळी. दोन महिन्यांत अशी वेळ आली की रविवारी दुपारी केवळ झोप चांगली लागते म्हणून आम्ही ती घेतली. औषधाच्या दुकानदाराने चिठ्ठी एकदाही मागितली नाही. आम्हीही आठवण करून दिली नाही.

याच सुमारास दादांचा दूरध्वनी आला. दादा चौऱ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त शिक्षक. त्यांच्याही कमरेत चमक भरली होती. "अरे, तुला ज्या गोळीने बरे वाटले ती कोणती?" त्यांनी विचारले. दिवाळीस येतो म्हणून आम्ही कळवले होते आणि गेलो नव्हतो. रजा शिल्लक होती, पण हिशेबाचे काम निघाले. आम्ही दोन पाकिटे कुरियरने धाडली, सोबत आमच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: 'आवश्यकतेनुसार घ्यावी.' मुलाचे कर्तव्य पार पडले असे त्या दिवशी आम्हांस खरोखर वाटले.

तिसऱ्या आठवड्यात दादा रात्री उठले, झोकांडी गेली आणि उंबऱ्यावरून पडले. उजव्या हाताचे मनगट मोडले.

आम्ही पोहोचलो तेव्हा प्लॅस्टर झाले होते. "कोणते औषध चालू होते?" असे डॉक्टरांनी विचारताच आईने पाकीट आणि आमची चिठ्ठी दोन्ही त्यांच्या हाती ठेवली. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी करून परत दिली आणि एवढेच म्हणाले, "या वयात या गोळ्या आम्ही टाळतो. गुंगी येते, तोल जातो, हाडे मोडतात. शिवाय यातले दुखण्याचे औषध मूत्रपिंडास जड." वृद्धांनी टाळावयाच्या औषधांची 'बीअर्स यादी' म्हणून एक अमेरिकन यादी १९९१ पासून आहे आणि आमची गोळी तीत नावानिशी आहे, हे आम्ही नंतर वाचले. दादा मात्र खाटेवरून डॉक्टरांस सांगत होते, "गोळीचा काही दोष नाही हो. आमचा उंबराच उंच आहे." चाळीस वर्षे तो उंबरा ते ओलांडीत होते.

परतीच्या प्रवासात आमची पाठ पुन्हा भरली. या वेळी आम्ही सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी थायोकोल्चिकोसाइड लिहिले आणि एस. ओ. एस.ची आशा प्रथमच मोडून टाकली. "पाच दिवस. मग बंद." या औषधाच्या गोळ्या सलग सात दिवसांपेक्षा अधिक घेऊ नयेत अशी मर्यादा युरोपातील औषध नियामकांनी २०१३ साली घातली आहे, आणि पाठदुखी जुनी झाली की स्नायू सैल करणारी औषधे सरसकट देऊ नयेत असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली सांगितले आहे. पहिल्या काही दिवसांची सोबत, एवढाच त्यांचा उपयोग. बाकीचे काम शेक, हिंडणेफिरणे आणि काळ यांचे.

हे औषध बनते कशापासून, हेही बाईंनी कौतुकाने सांगितले. त्यांच्या 'कांदळ' फुलाच्या बियांतील द्रव्यापासून. तमिळनाडूचे ते राज्यपुष्प, शेतकरी त्याची शेतीही करतात. चित्र पाहिले आणि आम्ही ओळखले. ज्वाळेसारख्या पाकळ्यांची ही तर आमची कळलावी! कंद विषारी, प्रसूतीच्या कळा लावणारी म्हणून हे नाव. आळीत भांडणे लावून देणाऱ्या बाईला आमची आजी याच नावाने ओळखत असे. कळ लावणारीनेच कळ काढावी, हे आजीला पटले नसते.

गेल्या आठवड्यात दादांचे पत्र आले. प्लॅस्टर निघाल्यानंतरचे पहिले, उजव्या हाताने लिहिलेले. ज्या हाताने आमचे अक्षर वळवले त्याची वेलांटी थरथरते आहे. पडण्याविषयी अक्षरही नाही. पायाळू वारले, त्यांचा मुलगा सरळ जन्मलेला, त्यामुळे आळीची आता सोय नाही, असे लिहून खाली एक ओळ: 'येशील तेव्हा शेकायची रबरी पिशवी आण, इथली गळते.'

पिशवी आणून ठेवली आहे. रजेचा अर्ज वर गेला आहे.