हॉपर घ्यायचं का?

ऑर्लँडोला जायचं ठरलं की विमानाच्या तिकिटांपेक्षा जास्त खल या एका प्रश्नावर होतो: डिस्नेचं साधं तिकीट काढायचं की 'पार्क हॉपर'? साध्या तिकिटात एका दिवशी एकच पार्क. हॉपर असलं तर त्याच दिवशी एकातून निघून दुसऱ्यात, वाटलं तर तिसऱ्यातही जाता येतं. आम्ही राहतो टँपाला, ऑर्लँडो इथून दीड तासावर. त्यामुळे पुण्या-नाशिकहून येणारे सगळे आप्त आम्हालाच विचारतात. दरवेळी फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा लिहून ठेवलेलं बरं.

*

आधी जागेचा अंदाज घ्यावा. मॅजिक किंगडम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि ॲनिमल किंगडम (१९९८) ही चार नावं एका दमात घेतली जातात, म्हणून चारही पार्क एकाच कुंपणात असतील असं वाटतं. पण डिस्नेची ही जमीन शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि पार्क तिच्यावर लांब लांब पसरलेत. एकातून दुसऱ्यात जायचं म्हणजे बस, मोनोरेल, बोट, रोपवे नाहीतर आपली गाडी. हॉपरचा विचार करताना किंमत सगळे बघतात, नकाशा कोणी बघत नाही. माझ्या मते आधी नकाशा बघावा.

*

पैशाचं गणित असं. २०२५ साली एका दिवसाचं साधं तिकीट तारखेप्रमाणे आणि पार्काप्रमाणे ११९ पासून १९९ डॉलरपर्यंत होतं, कर वेगळा. ३ वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, १० व्या वर्षापासून मोठ्यांचं तिकीट. दिवस वाढवत गेलं की दर दिवसाचा भाव उतरतो. हॉपरचे वरचे पैसे माणशी शंभर डॉलरच्या आगेमागे असतात आणि दिवस वाढले तरी ते फारसे वाढत नाहीत. म्हणजे एका दिवसाच्या तिकिटावर हॉपर भलतंच महाग पडतं आणि पाच दिवसांच्या तिकिटावर रोजचं ओझं हलकं होतं.

आता याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूनं बघा. चार दिवसांच्या तिकिटाला पाचवा दिवस जोडायचा तर लागणारी रक्कम बहुतेक वेळा हॉपरपेक्षा कमी असते. त्यात हॉटेलची एक रात्र मिळवावी लागते, हे खरं. पण जी मंडळी आमच्याकडे उतरतात, त्यांना तोही खर्च नाही. अशांनी दिवस वाढवावा, हॉपर नको. याबाबत माझं मत अगदी पक्कं आहे.

*

मॅजिक किंगडममधून बाहेर पडणं म्हणजे काय, ते सविस्तर लिहिते, कारण हेच कोणी सांगत नाही.

गाडीनं आलेल्यांची गाडी पार्काच्या दारात नसतेच. ती असते तळ्याच्या पलीकडे, तिकीट केंद्राजवळच्या वाहनतळावर. दुपारी अडीचला ठरलं की आता एपकॉटला जाऊ. मेन स्ट्रीटवरून गर्दीच्या उलट दिशेनं दारापर्यंत चालायचं. मग फेरीबोट किंवा मोनोरेलनं तळं ओलांडायचं. तिथून एक तर एपकॉटच्या मोनोरेलमध्ये बदलायचं, नाहीतर ट्रामनं गाडीपर्यंत जायचं. ट्राममध्ये स्ट्रोलरची घडी करावी लागते, म्हणजे झोपलेलं मूल उचलून घ्यायचं, खालच्या जाळीतल्या पाण्याच्या बाटल्या आणि डबे काढायचे. गाडी एपकॉटला लावायची (पार्किंगचे पैसे दिवसातून एकदाच, तेवढं बरं आहे). तिथे पुन्हा बॅगांची तपासणी, पुन्हा दारावरच्या यंत्रावर बोट टेकवायचं. या सगळ्यात पाऊण तास सहज जातो, आणि आत शिरल्यावर पहिला प्रश्न येतो, बाथरूम कुठे आहे.

तो पाऊण तास आणि त्यानंतरचा थकवा हॉपरच्या किमतीत धरायलाच हवा.

*

याला एक मोठा अपवाद आहे, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजची जोडी. या दोघांमध्ये २०१९ पासून स्कायलायनर नावाचा रोपवे आहे. मध्ये एका स्थानकावर पाळणा बदलावा लागतो, पण रांग भराभर सरकते. शिवाय बोट आहे, आणि पाय धड असतील तर पाण्याच्या कडेनं वीस-पंचवीस मिनिटांत चालतही जाता येतं. एपकॉटला त्या बाजूनं मागचं दार आहे, ते थेट इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधोमध उघडतं. (तिथे तळ्याभोवती अकरा देशांचे विभाग आहेत. भारत त्यात नाही. दरवेळी वाटतं, असायला हवा होता.)

दिवसभर हॉलिवूड स्टुडिओजमध्ये 'स्टार वॉर्स' बघायचं आणि संध्याकाळी रोपवेनं एपकॉटला येऊन जपानमध्ये नाहीतर मोरोक्कोमध्ये काहीतरी खात तळ्यावरची आतषबाजी बघायची, यासाठी हॉपरचे पैसे मी आनंदानं देईन. फक्त विजा कडाडायला लागल्या की रोपवे बंद होतो, आणि फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात त्या जवळजवळ रोज दुपारी कडाडतात.

*

ॲनिमल किंगडमला रात्रीची आतषबाजी नसते, कारण प्राणी. तो पार्क इतरांच्या मानानं लवकर बंद होतो. सफारी सकाळीच करावी, ऊन चढलं की सिंह सावली धरून पडून राहतात. म्हणजे पहाटे आवरून गेलं तर दुपारी तीनपर्यंत पोट भरून पार्क बघून होतो आणि संध्याकाळ मोकळी राहते. हॉपरचा खरा मान या दिवसाला आहे.

तरी एक सांगते, आपल्या माणसांना तिथून घाईनं हलवू नये. तिथल्या आशिया विभागात आनंदपूर नावाचं गाव उभारलंय, काल्पनिक. भिंतींचे उडालेले पोपडे, एकमेकांत गुंतलेल्या विजेच्या तारा, रंग विटलेल्या पाट्या, दोरीला बांधलेल्या पताका, सगळं मुद्दाम जुनं केलेलं. पडक्या राजवाड्याच्या कमानीतून वाघ बघायचा. माझ्या सासूबाई कमानीपाशी बसल्या त्या बसल्याच. वाघ उठून पाण्यापर्यंत गेला, तोंड बुडवून पाणी प्यायला आणि परत आला, तोवर त्यांनी कोणाला बोलू दिलं नाही. हातात हॉपर असतं तर त्या वेळी आमच्यापैकी कोणीतरी नक्की घड्याळ दाखवलं असतं.

*

डिसेंबरात येणाऱ्यांसाठी, ठळक अक्षरात: मॅजिक किंगडममध्ये नोव्हेंबर-डिसेंबरच्या ठरावीक रात्री वेगळी तिकिटं लावून नाताळची पार्टी असते. त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांसाठी पार्क संध्याकाळी ६ लाच बंद. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत हॅलोविनच्या पार्ट्यांचंही असंच. तारखा आधी जाहीर होतात, त्या बघूनच आखणी करावी.

पण याचीच दुसरी बाजू अशी की पार्टीच्या दिवशी मॅजिक किंगडमला दिवसा गर्दी कमी असते, कारण आतषबाजी बघता येणार नाही म्हणून बरेच जण तो दिवस टाळतात. ज्यांच्याकडे हॉपर आहे त्यांनी नेमका तोच दिवस धरावा. सहापर्यंत तिथे, मग एपकॉट. हॉपर नसेल तर आतषबाजीसाठी मॅजिक किंगडमला दुसरा एखादा दिवस द्यावा लागेल.

*

हॉपर आणि लाइटनिंग लेन यांत लोक गल्लत करतात. हॉपरनं रांग एका मिनिटानं कमी होत नाही. रांग टाळायची ती लाइटनिंग लेन, तिचे पैसे वेगळे. दोन्हींपैकी एकच परवडत असेल आणि सुट्ट्यांचे दिवस असतील, तर लाइटनिंग लेन घ्या. दोन पार्कांत दोनदा लांबलचक रांगेत उभं राहण्यापेक्षा एका पार्कात चार गोष्टी धडपणे होतात.

*

एकेकाळी हा प्रश्नच नव्हता. सुरुवातीला डिस्नेत प्रवेशाचे पैसे वेगळे आणि प्रत्येक पाळण्याची कुपनं वेगळी, ए ते ई अशा प्रती. ई म्हणजे सर्वांत भारी. फ्लोरिडात १९८२ साली एपकॉट उघडलं तेव्हा कुपनं गेली आणि एका तिकिटात सगळं आलं. तेव्हापासून माणूस सकाळी दारातच सगळे पैसे देऊन मोकळा होतो आणि दिवसभर वसुलीच्या मागे लागतो. जत्रेत आपण एका पाळण्याचे पैसे देतो, बसतो, उतरतो, विषय संपतो. इथे तो संपत नाही.

*

करोनानंतर १ जानेवारी २०२१ पासून हॉपरवाल्यांना दुपारी २ नंतरच दुसऱ्या पार्कात सोडायचे. ९ जानेवारी २०२४ ला ती अट उठली. आता वाटेल तेव्हा जाता येतं, फक्त दुसरा पार्क गर्दीनं भरलेला नसावा. अट गेली तरी मी सगळ्यांना दुपारनंतरच निघायला सांगते. सकाळचे पहिले दोन तास सोन्यासारखे असतात, ते बसमध्ये घालवू नयेत.

*

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, हे हॉपरवाल्यांच्या बाबतीत फार वेळा खरं होतं. विशेषतः बरोबर सत्तरीचे आईवडील आणि चार वर्षांचं नातवंड असेल तेव्हा. आजोबांना दुपारी पाठ टेकायची असते, नातवाला झोप आलेली असते, दोघांनाही वरणभात हवा असतो. अशा घरानं दुपारी मुक्कामी परतावं आणि संध्याकाळी त्याच पार्कात पुन्हा जावं. ते साध्या तिकिटात चालतं, त्याच दिवशी त्याच पार्कात कितीही वेळा. डिस्नेत घरचं खाणं नेऊ देतात, काचेची भांडी तेवढी नकोत. स्टीलचा डबा तपासणीत उघडून दाखवावा लागतो, एवढंच.

*

युनिव्हर्सलचा हिशेब पूर्ण वेगळा. युनिव्हर्सल स्टुडिओज (१९९०) आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर (१९९९) यांची दारं एकाच चौकाच्या दोन बाजूंना, चालत पाच-सात मिनिटं. शिवाय हॅरी पॉटरचं जग दोन्हींत वाटून ठेवलंय, हॉग्समीड एकात, डायगन ॲली दुसऱ्यात, आणि मधली हॉगवर्ट्स एक्सप्रेस फक्त दोन पार्कांच्या तिकिटावर. चार-पाच मिनिटांचाच प्रवास, पण काय केलाय! आठ जणांचा डबा, खिडकीबाहेर पळणारा देखावा, आणि दाराच्या धुरकट काचेवर पलीकडच्या बोळातून जाणाऱ्या मुलांच्या सावल्या. जाताना एक गोष्ट दिसते, येताना वेगळीच. घरात पॉटरची पुस्तकं फाटेपर्यंत वाचलेलं मूल असेल तर इथे दोन पार्कांचं तिकीट काढावं, एका दिवसासाठी असलं तरी. पॉटरशी घेणंदेणं नसेल तर एक पार्क पुरे.

मे २०२५ मध्ये उघडलेलं एपिक युनिव्हर्स मात्र काही मैल दूर आहे. दोन पार्कांच्या तिकिटात ते आपोआप येतं असं धरून चालू नये, तिकिटावर काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचावं.

*

कॅलिफोर्नियावाल्या चुलत भावासाठी: तिथे डिस्नेलँड (१९५५) आणि कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर (२००१) यांची दारं समोरासमोर आहेत, मध्ये फक्त चौक. वर लिहिलेली पाऊण तासाची तक्रार तिथे लागू नाही. दोन दिवस असतील तर तिथे हॉपर घ्यावं.

*

अबू धाबीचं यास बेट. मुंबईहून तीनेक तासांचं विमान, म्हणून हल्ली आपली बरीच मंडळी तिकडे वळतात. फेरारी वर्ल्ड, यास वॉटरवर्ल्ड, वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड (२०१८) आणि सीवर्ल्ड (२०२३), एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर. वॉर्नर ब्रदर्स तर पूर्ण छताखाली आणि थंडगार, त्यामुळे भर उन्हाळ्यातही दिवस वाया जात नाही. तिथे एकाहून अधिक पार्कांचं तिकीट पटतं. पण वॉटरपार्क दिवसाच्या शेवटी ठेवा. ओल्या कपड्यांची पिशवी घेऊन दुसऱ्या पार्कात फिरण्यात काही मजा नाही. खोपोलीच्या इमॅजिकालाही हाच नियम, तिथले थीम पार्क आणि वॉटर पार्क शेजारी असले तरी.

*

आता येणाऱ्या वहिनींचं ठरवून टाकलं. पाच जण, त्यात आई. दहा दिवस आमच्याकडे मुक्काम, म्हणजे हॉटेल नाही. चार दिवसांचं साधं तिकीट. ते सात दिवसांच्या आत कधीही वापरता येतं, म्हणून मध्ये दोन दिवस विश्रांती धरली. भाचीसाठी युनिव्हर्सलचं दोन पार्कांचं एक दिवसाचं तिकीट, तिथे दादा आणि ती दोघंच जातील. वहिनी म्हणाल्या, "अगं, पण एवढ्या लांब येऊन हॉपर नाही घ्यायचं?" त्यांना म्हटलं, वहिनी, तुम्ही चार पार्क चार दिवसांत बघताय, काहीही सुटत नाहीये.

*

तरीही मन डळमळत असेल तर: साधं तिकीट काढून जा. हॉपर नंतरही जोडता येतं, ॲपवर किंवा दाराजवळच्या गेस्ट रिलेशन्सच्या खिडकीवर फरकाची रक्कम भरून, तिकिटाची मुदत संपायच्या आत. काढून मात्र टाकता येत नाही. पहिल्या दिवशी दुपारी तीनला घरातल्या सगळ्यांचे पाय कसे आहेत ते बघा, आणि मग खिडकीवर जायचं का ते ठरवा.