चार इंची माणसांचं घर

बोटाच्या पेराएवढ्या खुर्चीचा चौथा पाय शोधत एखादी नोकरदार, संसारी बाई रात्री दीड वाजता जमिनीवर पालथी पडलेली असू शकते, यावर गेल्या वर्षी माझा विश्वास बसला नसता. आता ती बाई मीच आहे! डाव्या हातात टॉर्च, उजव्या हातात चिमटा, डायनिंग टेबलावर कापसाच्या काड्या आणि खळीची वाटी. घरचे हसतात. हसू देत. एवढी मजा असलेली गोष्ट जगात होती आणि इतकी वर्षं मला कुणी सांगितलीच नाही, याचं मात्र मला राहून राहून नवल वाटतं. म्हणून मी तुम्हाला सांगून टाकते.

आम्ही लंडनच्या वायव्येला हॅरोमध्ये राहतो. इथे उन्हाळ्यात रविवारी सकाळी मैदानावर ‘कार बूट सेल’ भरतात. लोक घरातलं नकोसं सामान गाडीच्या डिकीत घालून आणतात आणि गवतावर मांडून बसतात. मी गेले होते कुंड्या घ्यायला. एका आजोबांच्या गाडीमागे, जुनी सायकल आणि केकच्या साच्यांच्या मधे ते बाहुलीघर उभं होतं. पांढऱ्या भिंती, त्यांवर काळ्या लाकडी पट्ट्या, कौलांचं लाल छप्पर, दाराशेजारी रंगवलेली फुलझाडं आणि बाजूला चक्क मोटारीचं गॅरेज! मी कडी सरकवली, तर दर्शनी भिंत अख्खीच्या अख्खी बिजागरीवर फिरली आणि आत खोल्या, जिना, शेकोटी... मी तिथेच गवतावर बसले.

किंमत चाळीस पौंड. नवरा म्हणाला, “अगं, आपल्यालाच जागा पुरत नाही, हे ठेवणार कुठे?” मी ऐकेपर्यंत पैसे देऊन झाले होते.

त्या रात्री शोधाशोध सुरू केली आणि झोप उडाली. घराच्या तळाशी त्रिकोणी शिक्का होता. तो निघाला लाइन्स ब्रदर्स या लंडनच्या कंपनीचा. विल्यम, वॉल्टर आणि आर्थर लाइन्स या तीन भावांनी १९१९ मध्ये ती काढली. तीन ‘लाइन्स’ जोडल्या की त्रिकोण, म्हणून खेळण्यांवरचं नाव ‘ट्राय-अँग’! मर्टनच्या त्यांच्या कारखान्यातून खेळण्यातल्या मोटारी निघायच्या, ढकलगाड्या निघायच्या आणि ही घरंसुद्धा. आमचं घर १९३० च्या दशकातलं. त्याच दशकात लंडनच्या कडेकडेने लोहमार्ग पसरत होते आणि मध्यमवर्गीय कुटुंबं आयुष्यातलं पहिलं घर घेत होती, नेमकं याच धाटणीचं, काळ्या पट्ट्यांचं, नकली ट्यूडर. म्हणजे आईबाबांनी घर घेतलं, की मुलीला त्याच घराची छोटी प्रत! आम्ही ज्या गल्लीत भाड्याने राहतो, तिथली घरंही त्याच काळातली. शेजारी गुजराती, समोर तमिळ, आत आम्ही मराठी, आणि सगळ्यांच्या माथ्यावर त्याच काळ्या पट्ट्या. मी माझ्या गल्लीचंच खेळणं विकत आणलं होतं!

आता दुरुस्ती. मला वाटलं होतं, दुरुस्ती म्हणजे काचपेपर मारायचा आणि नवा रंग द्यायचा. पण जाणकार संग्राहकांना विचारलं, तर पहिला नियम उलटाच निघाला: आधी हात मागे. काहीही करण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे फोटो काढायचे. मग मऊ ब्रशने धूळ झटकायची आणि व्हॅक्यूमच्या तोंडाला मलमलीचा तुकडा बांधून ती ओढून घ्यायची, म्हणजे एखादा सुटा तुकडा उडाला तरी कापडावर अडकतो. काचपेपर तर अजिबात नाही. कारण त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची पूड श्वासातून जाणं घातक. पुसायचं ते ओलसर फडक्याने. आणि रंगावरची जुनी काजळी कशाने काढतात? थुंकीने! खरंच सांगते. मोठमोठ्या संग्रहालयांतले तज्ज्ञ चित्रांवरचा मळ काढायला कापसाच्या काडीला थुंकी लावतात, कारण लाळेतली पाचक द्रव्यं चिकट मळ सोडवतात. मी हे आईला सांगलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “आम्ही लहानपणी थुंकीने पाटी पुसली की ओरडा खायचो, आणि तू तिकडे जाऊन शास्त्र म्हणून सांगतेस!”

खरा जीव अडकला तो भिंतींच्या कागदात. दिवाणखान्यात सत्तरच्या दशकातला नारिंगी, मोठ्या फुलांचा कागद होता. कोपऱ्यात तो जरा सुटलेला, त्याच्या खाली निळे पट्टे, आणि निळ्याच्या खाली बारीक गुलाबांची नक्षी. कांद्याचे पापुद्रे! तीन मुली, तीन पिढ्या, तिघींनीही आपापल्या आवडीचं घर मांडलं होतं. किटलीच्या वाफेवर वरचा कागद हळूहळू सैल केला, सपाट सुऱ्याने उचलला, आणि गुलाब बाहेर आले. निळ्या पट्ट्यांचा एक कोपरा मात्र मी मुद्दाम ठेवला आहे. मधल्या मुलीला तिच्या घरातून का हाकलायचं? फाटलेल्या जागी गुलाबांची छापील प्रत पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीपुढे नुसती टेकवली. उद्या कुणाला काढावीशी वाटली, तर मूळ भिंतीला धक्का न लागता निघेल. चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची खळ, कारण ती पाण्याने पुन्हा सुटते. केलेलं काम पुढच्या माणसाला उलटवता आलं पाहिजे, हे या छंदाचं ब्रीद मला फार म्हणजे फारच आवडलं.

मग सामान! इथे गणित आलं आणि शाळेत न आवडलेलं गणित चक्क आवडू लागलं. आजची हौशी मिनिएचर्स साधारणपणे १:१२ या प्रमाणात असतात, म्हणजे एका फुटाला एक इंच. पण ही जुनी ट्राय-अँग घरं साधारण १:१६ ची. सहा फुटी कपाट १:१२ ला सहा इंच होतं, १:१६ ला साडेचार. दुकानातला सुंदर सोफा आणला तर तो खोलीत हत्ती होऊन बसतो. सव्वापाच फुटी बाई आमच्या घरात जेमतेम चार इंच भरते. स्वीडनच्या लंडबी कंपनीची घरं आणखी लहान, १:१८ ची, त्यामुळे तिथलं सामान आमच्याकडे बुटकं दिसतं. म्हणून शोधायचं ते जुनं, याच मापाचं. डोल-टॉय, बार्टन, पिट-अ-पॅट ही असं सामान बनवणाऱ्यांची नावं मला आता माहेरच्या आडनावांइतकी पाठ आहेत. दूरच्या एका लिलावातून पुठ्ठ्याच्या खोक्यात चुरगळलेल्या कागदात गुंडाळलेली एक न्हाणीघरातली तोटी आली, तेव्हा मी ऑफिसची मीटिंग म्यूट करून नाचले.

खर्चावरून नवऱ्याने भुवई उंचावली, तेव्हा मी त्याला पेट्रोनेला ओर्टमनची गोष्ट ऐकवली. सतराव्या शतकाच्या अखेरीस अॅमस्टरडॅमच्या या श्रीमंत बाईने जे बाहुलीघर सजवलं, त्याचा खर्च वीस ते तीस हजार गिल्डर झाला म्हणतात. तेवढ्यात कालव्याकाठी खरं घर आलं असतं! ते आज तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे. “त्या मानाने मी काटकसरी,” मी म्हटलं. तो गप्प झाला.

मग आम्ही विंडसरला गेलो, राणी मेरीचं बाहुलीघर बघायला. रचनाकार कोण? एडविन लट्यन्स! ज्या काळात तो दिल्लीत आजचं राष्ट्रपती भवन उभारत होता, त्याच काळात इकडे १:१२ चा राजवाडाही करत होता. दीड हजारांवर कलाकार आणि कारागीर त्यासाठी खपले. नळाला पाणी, लिफ्ट चालू, दिवे चालू, तळघरातल्या बाटल्यांत खरी वाइन! ग्रंथालयात लेखकांनी स्वतः लिहून दिलेली चिमुकली पुस्तकं. कॉनन डॉयलने तर शेरलॉक होम्सची एक खास गोष्ट लिहून दिली. १९२४ मध्ये हे घर प्रदर्शनात मांडलं आणि सोळा लाखांवर लोकांनी पाहिलं. कुठे? वेंबलीला, आमच्या हॅरोच्या शेजारी!

पण राजवाड्यापेक्षा मला जवळची वाटली व्हिव्हियन ग्रीन. कादंबरीकार ग्रॅहम ग्रीनची ही बायको. १९४० मध्ये लंडनच्या क्लॅपहममधलं तिचं घर बॉम्बहल्ल्यात गेलं. पुढे ऑक्सफर्डला राहत असताना, युद्ध चालू असतानाच, तिने लिलावात एक जुनं बाहुलीघर घेतलं आणि ते दुरुस्त करत बसली. त्यातून तिने इंग्लंडभर फिरून खासगी घरांमधली बाहुलीघरं पाहिली, त्यांच्या नोंदी केल्या, १९५५ मध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या इंग्लिश बाहुलीघरांवर पुस्तक लिहिलं आणि १९६२ मध्ये ऑक्सफर्डला ‘रोटंडा’ हे स्वतःचं संग्रहालय उघडलं. स्वतःचं घर पडलेल्या बाईने दुसऱ्यांची घरं वाचवली. खेळण्यात रमणं म्हणजे पोरकटपणा, असं कुणी म्हणालं की मी हिचं नाव घेते.

आणि आता माझ्या घरातला खजिना. वरच्या खोलीत मला एक खणांचं कपाट मिळालं. कुठल्याच कंपनीच्या जुन्या यादीत ते नव्हतं. उलटून पाहिलं, तर काड्यापेट्या! सहा काड्यापेट्या एकावर एक चिकटवून वरून तपकिरी कागद, खणांना मुठी म्हणून मणी. एका खणाच्या तळाशी वर्तमानपत्राचा कपटा, त्यावर रेशनिंगची सूचना. ब्रिटनमध्ये अन्नाचं रेशनिंग १९४० पासून १९५४ पर्यंत चाललं, म्हणजे कपाट त्या वर्षांतलं. तेव्हा खेळणी सहज मिळत नव्हती. बाहुलीघरं बनवणारी लाइन्स ब्रदर्ससुद्धा युद्धात स्टेनगन बनवत होती! आणि अशा दिवसांत कुणीतरी, आईने म्हणा, आजीने म्हणा, संपलेल्या काड्यापेट्या जपून ठेवल्या आणि मुलीच्या बाहुलीला कपाट करून दिलं. मणी तिच्याच तुटलेल्या माळेतले असतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं आहे. लिलावात या कपाटाला कुणी एक पौंडही देणार नाही. माझ्या घरात दिवाणखान्यातल्या डोल-टॉयच्या टेबलापेक्षा त्याचा मान मोठा. त्याला मी ब्रशसुद्धा लावलेला नाही.

मुलगी विचारते, या घरात कोण राहतं? परवा तिनेच उत्तर दिलं: आजीने पाठवलेली लाकडी ठकी. ठकी जिन्यात मावत नाही, म्हणून ती गॅरेजमध्ये राहते. संग्राहकांच्या नियमात हे बसत नाही, पण चौथ्या मुलीलाही तिच्या आवडीने घर मांडायचा हक्क आहेच.

तर एकच विनंती. तुमच्या माळ्यावर आजीची पितळी भातुकली असेल, जुनी ठकी असेल, काकांनी खोक्याचं करून दिलेलं बाहुलीचं घर असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ते चिंच लावून चकचकीत करू नका, रंगवू नका आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. आधी फोटो काढा, कुणी केलं आणि कोण खेळलं ते घरातल्या मोठ्यांना विचारून एका चिठ्ठीवर लिहा, आणि चिठ्ठी त्यातच ठेवा. आणि हो, इंग्लंडात राहणाऱ्या कुणाच्या गॅरेजमध्ये त्रिकोणी शिक्क्याचं घर धूळ खात असेल, तर रंगाचा डबा उघडण्याआधी आम्हा वेड्यांपैकी कुणाला तरी हाक मारा. धावत येऊ!